सिकेरीचा बुरूज आणि शेजारचे हॉटेल

मांडवी नदी समुद्राला मिळते तिथे तिच्या उत्तर काठावर डोंगराची एक सोंड पश्चिमेला थेट पाण्यात उतरते. दक्षिणेला नदीचे मुख, पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला नेरूलची खाडी. माथ्यावर आग्वादचा किल्ला, नदीच्या अंगाला एकेकाळचा तुरुंग आणि उत्तरेला, सिकेरीच्या वाळूकडे उतरणाऱ्या टेकडीवर, ताज फोर्ट आग्वाद हे हॉटेल. पणजीहून इथवरचा रस्ता पंधरा किलोमीटरच्या आतबाहेर. सावंतवाडीहून गाडीने दोन तास पुरतात. लांबच्यांना गोवा म्हणजे वर्षाची मोठी सहल वाटते, पण पणजी-म्हापशाच्या, सिंधुदुर्गातल्या किंवा बेळगावच्या माणसाला सिकेरी जवळच्या जवळ जमण्यासारखे आहे. एक पिशवी, दोन रात्री, रजेचा अर्ज फार तर एका दिवसाचा.

हॉटेल सुरू झाले १९७४ साली. गोवा पोर्तुगिजांच्या ताब्यातून मुक्त होऊन तेव्हा जेमतेम तेरा वर्षे झाली होती. त्याआधी गोव्यातले नाव घेण्याजोगे हॉटेल म्हणजे पणजीतले नदीकाठचे मांडवी. ते १९५२ मध्ये सेंट फ्रान्सिस झेवियरच्या शवप्रदर्शनाला येणाऱ्या पाहुण्यांसाठी उभे राहिले. हणजूण-कळंगुटच्या किनाऱ्यांवर हिप्पींचा वावर साठीच्या दशकाच्या अखेरीस वाढला, पण ते भाड्याच्या खोल्यांत, झापांच्या झोपड्यांत राहत. समुद्र पाहायला यावे आणि त्यासाठी चांगले पैसे मोजावेत, ही कल्पनाच किनाऱ्यावर नवी होती. चार्टर विमाने तर १९८५ पासून उतरू लागली. म्हणजे पाहुणा येण्याआधी दहा-अकरा वर्षे हॉटेल येऊन बसले होते. पुढच्या काळात गोव्यात समुद्राकाठी जी मोठी हॉटेले झाली, त्या सगळ्यांच्या वंशावळीत याचे नाव वर येते.

त्याचा देखणेपणा झगमगाटात नाही. जांभ्या दगडाच्या भिंती, उतरती कौले, झाडांच्या वर डोके न काढणाऱ्या इमारती, आणि सगळी रचना टेकडीच्या उताराला धरून टप्प्याटप्प्याने खाली गेलेली. दर्शनी दालनातून आत शिरले की समोर पाणी दिसते. कुठेही जायचे तर पायऱ्या किंवा चढाचा रस्ता लागतो. गुडघेदुखी असलेल्यांनी आरक्षण करतानाच खोली खालच्या टप्प्यावर आहे की टेकडीवर, हे विचारून घ्यावे. आतल्या आत ने-आण करायला छोट्या गाड्या असतात, त्या मागवायला संकोच करू नये. खोल्यांचे दोन-तीन प्रकार आहेत: मुख्य इमारतीतल्या समुद्राकडे तोंड असलेल्या, बागेच्या बाजूच्या, आणि उतारावर सुट्या बांधलेल्या कॉटेज. दोन रात्रींसाठी जायचे असेल तर समुद्राकडची खोली घेण्यातच अर्थ आहे. बागेकडच्या खोलीत वाचलेले पैसे पुढे आठवत नाहीत, न दिसलेला समुद्र मात्र आठवतो.

समुद्राकडच्या खोलीतून दिसणारी सगळ्यात ठळक गोष्ट म्हणजे पाण्यात पाय रोवून उभा असलेला गोल बुरूज. हा आग्वादच्या खालच्या तटाचा भाग. भरतीच्या वेळी लाटा त्याच्या पायथ्यावर फुटतात, आणि पावसाळ्यात तर पाण्याचा फवारा तटावरून आत येतो. जांभा इथे काळपट पडलेला आहे; जवळ जाऊन पाहिले तर दगडाची छिद्रे खाऱ्या वाऱ्याने रुंद झालेली, त्यांत शेवाळ आणि बारीक शिंपले अडकलेले, आणि सांध्यांत चुन्याच्या पांढऱ्या रेघा. हॉटेलात उतरलेल्यांखेरीज इतरांनाही सिकेरीच्या किनाऱ्याकडून या तटापर्यंत येता येते. रविवारी संध्याकाळी म्हापसा-पणजीची कुटुंबे इथे चणे-शेंगदाणे खात बसलेली असतात. किल्ल्याचा हा तुकडा पाहायला कोणत्याही खोलीचे भाडे लागत नाही, हे लक्षात असावे.

पोर्तुगिजांनी हा किल्ला १६१२ मध्ये पुरा केला. डच आरमार तेव्हा मांडवीच्या तोंडाशी येऊन नाकेबंदी करत होते आणि जुन्या गोव्याकडे जाणारी जहाजे अडवत होते. नदीच्या मुखावर तोफा हव्या होत्या आणि त्याहून जास्त गोडे पाणी हवे होते. लिस्बनहून निघालेले जहाज महिनोन्‌महिने प्रवास करून इथे पोचे तेव्हा त्याची पिंपे रिकामी झालेली असत. या टेकडीला गोड्या पाण्याचे झरे आहेत, म्हणून ही जागा ठरली. वरच्या किल्ल्यात मधोमध खोदलेले टाके आजही तसेच आहे. वरून पाहताना ते नुसते दगडी अंगण वाटते. त्या अंगणाखाली सोळा भक्कम खांबांवर तोललेली पोकळी आहे, आणि तिच्यात सुमारे २३ लाख ७६ हजार गॅलन, म्हणजे ढोबळमानाने कोटभर लिटर पाणी मावत असे. जमिनीकडच्या बाजूला कोरडा खंदक, कोपऱ्यांना बुरूज, आणि एकूण ७९ तोफा. खालचा तट जहाजे लागायला आणि पाणी भरायला, वरचा किल्ला साठ्याला आणि माऱ्याला, अशी कामाची वाटणी होती. मुखाच्या पलीकडे काबोचे टोक, आत मिरामारला गास्पार दियशचा किल्ला, त्याहून आत रेईश मागूश. नदीत शिरणाऱ्या परक्या जहाजाला या सगळ्यांच्या तोफांखालून जावे लागे.

मराठी वाचकाला यात आपला एक धागा सापडतो. १७३९ मध्ये, वसईची मोहीम चालू असतानाच, मराठी फौजा गोव्यात उतरल्या. सावंतवाडीकर भोसल्यांनी बार्देश जवळजवळ सगळा घेतला, पण आग्वाद आणि रेईश मागूश हे दोन किल्ले हाती लागले नाहीत. दोन वर्षांनी लिस्बनहून नवा व्हाइसरॉय कुमक घेऊन आला आणि बार्देश परत पोर्तुगिजांकडे गेला. कोटभर लिटर पाणी आत असलेला आणि समुद्रमार्गे रसद मिळणारा किल्ला वेढा घालून पडत नाही. टाक्याच्या कडेला उभे राहिले की ही गोष्ट पुस्तकाशिवाय कळते. पुढे नेपोलियनच्या धास्तीने इंग्रजांनी १७९९ ते १८१३ या काळात गोव्यात फौज ठेवली, तेव्हा तिचा एक तळ इथे होता.

किल्ल्यातला चार मजली गोल दीपस्तंभ १८६४ चा. तो १९७६ मध्ये बंद झाला आणि शेजारी नवा उभा राहिला. जुन्या गोव्याच्या सेंट ऑगस्टीन मठाची अजस्र घंटा मठ ओस पडल्यावर बरीच वर्षे आग्वादलाच होती. १८७१ मध्ये ती पणजीच्या टेकडीवरच्या चर्चमध्ये नेली आणि तिथे ती आजही वाजते. वरच्या किल्ल्यात येणाऱ्या तरुण मंडळींपैकी निम्मे तरी ‘दिल चाहता है’मधला तट शोधत असतात. तो तट इथला नव्हे, शापोऱ्याचा. मार्गदर्शक हे सांगतात, मंडळी तरी फोटो काढतातच.

खालच्या तटाला लागून, नदीच्या बाजूला असलेला तुरुंग ही या टेकडीवरची सगळ्यात गंभीर जागा. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत इथे राजकीय कैदी डांबले जात. गोव्याच्या राष्ट्रीय चळवळीचे जनक मानले जाणारे त्रिस्ताव ब्रागांझा कुन्हा यांना १९४६ मध्ये इथे कोंडले. त्यांच्यावर लष्करी न्यायालयात खटला चालवून आठ वर्षांची शिक्षा दिली आणि त्यांना पोर्तुगालमधल्या पेनिश किल्ल्यात पाठवले. त्याच वर्षी जूनमध्ये मडगावला सभाबंदी मोडणारे राममनोहर लोहिया सप्टेंबरात पुन्हा गोव्यात शिरताना कुळे स्थानकावर पकडले गेले आणि त्यांनाही आग्वादला आणले. १९५५ च्या सत्याग्रहात महाराष्ट्रातून तुकड्यांमागून तुकड्या सीमा ओलांडून गेल्या. त्यांतले नानासाहेब गोरे आणि मधू लिमये हे दोघे लांब मुदतीच्या शिक्षा घेऊन याच भिंतींआड राहिले आणि १९५७ मध्ये सुटले. मुक्तीनंतरही तुरुंग चालूच राहिला. २०१५ मध्ये कैदी कोलवाळच्या नव्या कारागृहात हलवले, आणि डागडुजी होऊन १९ डिसेंबर २०२१ रोजी इथे संग्रहालय उघडले. लोहिया आणि कुन्हा यांच्या नावाने स्वतंत्र कोठड्या ठेवल्या आहेत. कोठडीच्या गजांतून दिसते ते मांडवीचे मुख, आणि हॉटेलचा तरणतलाव त्याच टेकडीच्या दुसऱ्या अंगाला. दोन्ही एका सकाळी पाहून होतात. बहुतेक पाहुणे फक्त एकच पाहतात, ही खेदाची गोष्ट.

हॉटेलचा स्वतःचाही एक ऐतिहासिक दिवस आहे. नोव्हेंबर १९८३ मध्ये दिल्लीत राष्ट्रकुल देशांच्या प्रमुखांची परिषद भरली होती, आणि तिच्या मधल्या शनिवार-रविवारी सगळे पाहुणे अनौपचारिक चर्चेसाठी गोव्यात आले. यजमान इंदिरा गांधी, पाहुण्यांत मार्गारेट थॅचर. त्यासाठी हॉटेलच्या वरच्या अंगाला टेकडीवर सुटे बंगले बांधले गेले, आणि आंतरराष्ट्रीय सुरक्षेविषयीचा ‘गोवा जाहीरनामा’ इथून निघाला. या निमित्ताने जगभरच्या वृत्तपत्रांत सिकेरीचे नाव छापून आले आणि गोव्याच्या पर्यटनाला त्याचा मोठा हातभार लागला.

यात एक गंमत आहे. याच इंदिरा गांधींनी दोन वर्षे आधी, नोव्हेंबर १९८१ मध्ये, किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीच्या रेषेपासून पाचशे मीटरपर्यंत बांधकाम होऊ देऊ नका असे बजावले होते. त्या पत्राचा पुढे १९९१ मध्ये किनारपट्टी नियमन क्षेत्राचा कायदेशीर नियम झाला. किल्ल्याच्या तटाला खेटून आणि लाटांना लागून असे हॉटेल आज कोणी बांधायला काढले तर परवानगीच्या पहिल्याच टेबलावर फाइल अडेल. म्हणजे आग्वादच्या या हॉटेलची जी जागा पाहून पाहुणा हरखतो, ती नियमांच्या आधीच्या काळाची देणगी आहे. जागा चांगली वापरली गेली, इमारती बुटक्या ठेवल्या, झाडे राखली, हे खरे. पण किनाऱ्यावर नंतर जे झाले ते पाहता नियम उशिरा आला, असेच म्हणावे लागते.

पोचायचे मार्ग अनेक, आणि त्यांतला एक सुंदर आहे. मुंबई-पुण्याकडून रेल्वेने येणाऱ्यांना जवळचे स्थानक थिवी. मुंबई-मडगाव वंदे भारतही तिथे थांबते. विमानाने येणाऱ्यांना मोपा किंवा दाबोळी. कोल्हापूरकरांना आंबोली घाट, सावंतवाडी, बांदा असे उतरता येते, बेळगावकरांना चोर्ला घाट. पावसात दोन्ही घाट देखणे, आणि दोन्ही धुक्याचे, तेव्हा दिवसाउजेडी उतरावे. पणजीहून मात्र पर्वरीच्या हमरस्त्याने न जाता बेतीवरून जावे. गाडी असेल तर पुलावरून, नसेल तर पणजीच्या धक्क्यावरून फेरीबोटीने पाच-सात मिनिटांत पलीकडे. बेती, वेरे, रेईश मागूश, नेरूल असा हा रस्ता नदीला धरून जातो. एका बाजूला मासेमारीच्या होड्या आणि नारळ, दुसऱ्या बाजूला जुनी घरे.

वाटेत रेईश मागूशचा किल्ला चुकवू नये. १५५१ मध्ये सुरू झालेला हा छोटा किल्ला मुक्तीनंतर बराच काळ तुरुंग होता आणि नंतर ओस पडला. दुरुस्तीनंतर २०१२ मध्ये तो लोकांसाठी उघडला. आत मारिओ मिरांडा यांच्या चित्रांचे दालन आहे. बाजारातल्या कोळणी, खुर्चीत पेंगणारी माणसे, लग्नातला बँड: गोव्याचा माणूस जितका या भिंतींवर भेटतो तितका कांदोळीच्या मुख्य रस्त्यावर आता भेटत नाही. तटावरून समोर पणजी दिसते आणि डावीकडे नदीत उभ्या असलेल्या कॅसिनोच्या बोटीही.

कधी जावे, या प्रश्नाला ठरलेले उत्तर डिसेंबर असे मिळते, आणि जवळच्या माणसासाठी ते चुकीचे आहे. नाताळ ते नववर्ष या आठवड्यात भाडे पावसाळ्याच्या कितीतरी पट होते, कांदोळीचा रस्ता तुंबतो आणि पंधरा किलोमीटरना दीड तास लागतो. लांबून येणाऱ्याला पर्याय नसतो. शेजारच्या जिल्ह्यातल्या माणसाने त्या गर्दीत शिरण्याचे कारण नाही. त्याच्यासाठी दोन काळ उत्तम. एक, सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबर: डोंगर हिरवे, आकाश धुतलेले, भाडी अजून चढलेली नाहीत. दुसरा, भर पावसाळा. गोव्यात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला फार मोठा वाटा जून-जुलैतच कोसळतो. ज्याला समुद्रात डुंबायचे आहे त्याने या दिवसांत येऊ नये. किनाऱ्यावर लाल बावटे लागलेले असतात, जीवरक्षक शिट्ट्या मारून लोकांना बाहेर काढतात, आणि त्यांचे ऐकण्यातच शहाणपण आहे. सिकेरीचा वरून शांत दिसणारा उतार पावसात खाली ओढ घेतो. वॉटर स्पोर्ट्स बंद, शॅक उतरवून ठेवलेले. पण ज्याला समुद्र पाहायचा आहे, ऐकायचा आहे, आणि मधल्या वेळेत पुस्तक वाचून झोप काढायची आहे, त्याला याच दिवसांत अर्ध्या भाड्याच्या आसपास तीच खोली मिळू शकते.

पावसाळ्यात किनारा स्वतःच बदलतो. जूनच्या उधाणात लाटा वाळू ओढून खोल पाण्यात नेतात, किनारा अरुंद आणि उंचसखल होतो. ऑक्टोबरनंतर मंद लाटा तीच वाळू परत आणून पसरतात. पावसाळ्यातच नदीच्या तोंडाशी वाळूचा बांध साचतो आणि मुख जहाजांना बंद होते. लोहखनिजाच्या बार्जी पावसाळ्यात आग्वादवरून न जाता कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारीत उतरत, त्या याच कारणाने. टेकडीवर सेंट लॉरेन्सचे सतराव्या शतकातले चर्च आहे. १० ऑगस्टला त्याचे फेस्त झाले की मुख उघडले, असे दर्यावर्दी परंपरेने मानतात.

या किनाऱ्याने एक मोठा अपघातही सोसला आहे. ६ जून २००० रोजी, पहिल्याच पावसाळी वादळात, रिव्हर प्रिन्सेस हे सुमारे २४० मीटर लांबीचे खनिजवाहू जहाज कांदोळी-सिकेरीसमोर वाळूत रुतले. ते काढायचे कोणी, कसे, कोणाच्या खर्चाने, यात बारा वर्षे गेली. दरम्यान त्याच्या आडोशाने प्रवाह वळले आणि किनाऱ्याची काही ठिकाणी धूप झाली. हॉटेलच्या गच्चीवरून मावळता सूर्य पाहणाऱ्यांच्या फोटोत बारा वर्षे हे गंजके धूड येत राहिले. २०१२ मध्ये तुकडे करून ते हलवले. आज त्या जागी काहीच दिसत नाही. कांदोळीच्या चाळिशीतल्या माणसाला मात्र बोट दाखवून जागा सांगता येते.

दोन रात्रींचा दिनक्रम सुटसुटीत ठेवावा. हॉटेलात खोली दुपारी दोनच्या सुमारास मिळते आणि तिसऱ्या दिवशी बाराला सोडावी लागते, म्हणजे हाती प्रत्यक्षात दीड दिवस आणि दोन संध्याकाळी येतात. पहिल्या संध्याकाळी कुठेही जाऊ नये. सिकेरीचा किनारा पश्चिमेला तोंड करून आहे. सूर्य जूनमध्ये सात वाजून गेल्यावर बुडतो आणि डिसेंबरात सहाच्या सुमारास. दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्यानंतर लगेच वरचा किल्ला गाठावा, कारण साडेदहा-अकरानंतर सहलींच्या बसगाड्या येतात आणि जांभ्याचे अंगण तापते. सावलीला तिथे झाड नाही. किल्ल्यावरून खाली तुरुंगाकडे उतरून संग्रहालय पाहावे आणि जेवायला परत यावे. हौस असेल तर दुपारी कांदोळीत फेरी मारावी. संमोहनविद्येच्या इतिहासात ज्याचे नाव आहे तो आबे फारिया १७५६ मध्ये याच गावात जन्मला, आणि १७८७ चे पोर्तुगीजविरोधी पिंटोंचे बंडही इथल्याच घराण्याच्या नावाने ओळखले जाते. मुख्य रस्त्यावरची दुकाने सोडून आतल्या गल्लीत शिरले की शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या आणि बल्कांव, म्हणजे दारापुढचा बसायचा ओटा, असलेली जुनी घरे अजून उभी दिसतात. परतण्याचा दिवस शुक्रवार असेल तर म्हापशाचा बाजार परतीच्या वाटेवर घ्यावा.

जेवणाविषयी थोडे सविस्तर. मोठ्या हॉटेलांच्या न्याहारीत जगातले सगळे काही मांडलेले असते आणि त्यातच फसगत होते. सॉसेज आणि कॉर्नफ्लेक्स मुंबईतही मिळतात. इथे पोई, म्हणजे कोंड्याचा पोकळ पाव, आणि त्याबरोबर अळसांद्यांचे किंवा चण्यांचे तोणाक असेल तर आधी तेच वाढून घ्यावे. गोव्याच्या घरचे जेवण पंचतारांकित ताटात आणण्यात याच हॉटेलसमूहातल्या अर्बानो रेगो या शेफचा मोठा वाटा होता. त्याआधी पाहुण्यांना गोव्यातही बहुतेक ‘काँटिनेंटल’च वाढले जाई. रात्रीच्या जेवणात हुमण-भात, रेशाद मसाला भरून तळलेला बांगडा, आंबोट-तीक, काफ्रेल यांतले निवडावे. शाकाहारी मंडळींनी खतखते आहे का ते विचारावे, कार्डावर नसले तरी सांगितल्यास कधी कधी करून देतात. शेवटी बेबिंका. पावसाळ्यात एक अडचण असते: १ जून ते ३१ जुलै ट्रॉलरना मासेमारीबंदी, त्यामुळे ताटातला मोठा मासा बहुधा बर्फातला असतो. या दिवसांत खाडीची सुंगटे, तिसऱ्या आणि सुक्या बांगड्याची किसमूर हे खरे ताजे आणि खरे गोव्याचे खाणे. जुलैच्या सुमारास रस्त्याकडेला बायका पानांत गुंडाळलेली अळमी घेऊन बसतात. वारुळांवर उगवणारी ही पांढरी छत्रीसारखी अळमी मातीसकट विकायला येतात, भाव ऐकून माणूस एकदा पुढे जातो आणि बहुधा परत येतो. हॉटेलच्या कार्डावर ती क्वचित असतात. घर जवळ असल्याचा फायदा असा, की ती विकत घेऊन संध्याकाळपर्यंत आपल्याच चुलीवर शिजवता येतात.

सणाची हौस असणाऱ्यांनी जूनच्या शेवटच्या आठवड्याचा विचार करावा. २४ जूनला सांजांव: डोक्यावर पानाफुलांचे कोपेल घालून पोरे विहिरींत उड्या टाकतात, आणि शिवोलीला सजवलेल्या होड्या निघतात. शिवोली सिकेरीपासून अर्ध्या-पाऊण तासावर आहे.

खर्चाचा हिशेब आधीच करावा. खोलीचे भाडे रात्रीला साडेसात हजार रुपयांच्या वर असेल तर त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर बसतो, आणि या हॉटेलात ते बहुधा वरच असते. संकेतस्थळावर मोठ्या अक्षरांत दिसणारा आकडा कर सोडून असतो, हे पाहून मगच तुलना करावी. आत खाण्यापिण्याचे दर शहरातल्या मोठ्या हॉटेलांसारखेच आहेत. दोन रात्रींत एक जेवण बाहेर, नेरूल किंवा कांदोळीच्या एखाद्या साध्या खाणावळीत, घेतले तर खिशालाही बरे आणि जिभेलाही. गोव्यात ओला-उबरच्या टॅक्सी चालत नाहीत; सरकारमान्य गोवामाइल्स आहे, नाहीतर हॉटेलच्या दारातली टॅक्सी, आणि तिचा दर बसण्याआधी ठरवून घ्यावा. दुचाकी भाड्याने घ्यायची तर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेलीच घ्यावी. पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी भाड्याने देणे बेकायदा आहे आणि पोलीस नाक्यावर दंड पाहुण्याला भरावा लागतो.

शेजारीच, सपाटीवर, याच समूहाचे हॉलिडे व्हिलेज आहे: बागेत विखुरलेल्या कॉटेज आणि एका जुन्या वडाखाली थाई खाणावळ. लहान मुले आणि आजी-आजोबा बरोबर असतील तर पायऱ्या टाळण्यासाठी तिथे उतरणे सोयीचे. दोघांनीच जायचे असेल, आणि बुरूज खिडकीतून दिसायला हवा असेल, तर टेकडीवरचे.

सगळा विचार करता सिकेरीला जाण्याचा सर्वांत चांगला बेत म्हणजे ऑगस्टच्या उत्तरार्धातले सोमवार ते बुधवार. शनिवार-रविवार आणि लागून आलेल्या सुट्ट्या टाळाव्यात, खोली समुद्राकडची मागावी, छत्री आणि घसरणार नाहीत अशा चपला घ्याव्यात, आणि आग्वादचा तुरुंग पाहायला एक सकाळ मोकळी ठेवावी.